तीन बारीक, एक लांब

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे. तिचं बटण एकदा दाबून सोडलं की पुरतं, हे पहिल्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या ऋचालासुद्धा माहीत आहे. मी मात्र लिफ्ट खाली येऊन दार उघडेपर्यंत बोट काढत नाही. "आजी, लाल लाइट लागला ना, म्हणजे तिला कळलं," असं ऋचानं मला दोन-तीनदा समजावून सांगितलं. मी "हो का?" म्हणते आणि बोट तिथंच ठेवते. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला विजेतलं काय कळणार, असं तिच्या आईचं मत झालं असावं. तिला काय सांगू? ही खोड मला साबळे सरांनी लावली. सर जाऊन दीड वर्ष होत आलं, खोड काही जात नाही. खरं सांगायचं तर ती जाऊ नये असंच मला वाटतं.

सर आणि मी मिरजगावकडच्या एका शाळेत बरोबर होतो. ते विज्ञान शिकवायचे. आम्ही सहा जण शहरातल्या सावेडीहून एका जीपनं रोज अप-डाउन करायचो. सरांची जागा मागच्या बाकावर, दाराशी, आणि मांडीवर चिवड्याचा पत्र्याचा डबा. नवीन लागलेला प्रत्येक शिक्षक पहिला आठवडाभर त्या डब्याकडे आशेनं बघायचा. आत बटणं असायची. बंद पडलेल्या टीव्हीतून, खेळण्यांतून, कुणाच्या तरी निकामी दारघंटीतून काढलेली पुश बटणं. बरीचशी हरभऱ्याएवढी, चार पायांची, काळ्या डोक्याची. जीप खड्ड्यात आदळली की डबा खुळखुळायचा आणि सर झाकणावर हात ठेवायचे.

अंगानं किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि उजव्या हाताचा अंगठा मात्र त्या देहाला न शोभणारा, चांगला पसरट. बटणं दाबून दाबून तो तसा झाला, असं मुलं म्हणायची. दिसेल ते बटण सर दाबून बघत. बँकेतलं टोकनचं, दुकानातल्या मिक्सरचं, एसटीतल्या कंडक्टरच्या घंटीचं. एकदा आम्ही एका सहकाऱ्याच्या वडिलांना भेटायला गेलो, शेवटच्या दुखण्यात. दार उघडल्यावर सगळे गंभीर चेहऱ्यानं आत गेलो, सर मागेच. ते दारावरच्या बटणाला कान लावून उभे. "ह्याचा आवाज बसलाय," म्हणाले. निघताना पुन्हा थांबून, नखानं खरवडून, त्यांनी ते नीट करून दिलं. त्या घरची मंडळी आजही हे सांगतात.

सरांचं गाव तिथलंच, मिरजगावच्या पलीकडं. बी.एड.ला असताना त्यांनी पुस्तकी मराठी शिकून घेतली होती आणि परीक्षेच्या पाठांमध्ये ती संपवूनही टाकली होती. फळ्यावर 'विद्युतप्रवाह वाहतो' असं लिहायचे आणि तोंडानं 'करंट पळतो' म्हणायचे. मी एकदा हटकलं. तर म्हणाले, "मॅडम, वाहतं पानी. ह्यो पळतोच. हात लावून बघा पायजे तर."

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत ते मुलांचा एक वर्ग घ्यायचे. सेल, वायर, एलईडीचे बारके दिवे आणि डब्यातली बटणं. बाकीचे शिक्षक नवशिक्या मुलांना पहिलं चालू-बंदचं बटण देतात, घरातल्या दिव्याला असतं तसं. सर देत नसत. त्यांचं पहिलं बटण दाबलं तेवढंच चालणारं, सोडलं की बंद. मी कारण विचारलं.

"चालू-बंदचं बटण एकदा चालू केलं की पोरगं दुसरीकडं बघतं," सर म्हणाले. "ह्याला धरून ऱ्हावं लागतं. जवर बोट तवर उजेड. पोरगं जाग्यावर ऱ्हातं, ध्यान बी जाग्यावर ऱ्हातं."

एका मोकळ्या तासाला मीही बसले. भोकाभोकांची ती पांढरी पट्टी, जिला ब्रेडबोर्ड म्हणतात, तिच्यावर मी मुलांचं बघून बघून सगळं टोचलं. शेवटी सेल जोडला आणि दिवा लखकन पेटला. मी चाळिशी ओलांडलेली बाई, पण टाळी वाजवायची तेवढी राहिली.

सरांनी वाकून पाहिलं. "पेटला. आता इझवून दाखवा."

मी बटण दाबलं, सोडलं. दिवा आपला चालूच. जोरात दाबलं, हळू दाबलं, तरी चालूच. सर कधी कुणाला 'चुकलं' म्हणत नसत. 'आता इझवून दाखवा' एवढंच म्हणायचे आणि दुसऱ्या बाकाकडे निघून जायचे. माझा सगळा तास त्या दिव्याकडे रागानं बघण्यात गेला.

परतीच्या जीपमध्ये त्यांनी डब्यातून एक बटण काढून माझ्या तळहातावर उलटं ठेवलं. "चार पाय हायेत. पन ह्या दोघी सख्ख्या भैनी, आतून एकच. त्या दोघी बी तशाच. तुमी करंट एका भैनीकडून तिच्याच भैनीकडं नेला. बटनाला कुनी इचारलंच न्हाई." मग अंगठ्याचं नख या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर नेलं. "कळंना झालं की तिरकं जायचं. तिरकं कधी चुकत न्हाई." दुसऱ्या दिवशी मी बटण पाव वळण फिरवून लावलं. दाबलं, पेटला. सोडलं, विझला. त्या विझण्याचा मला इतका आनंद झाला की मी ते वीसएकदा केलं.

सरांच्या खरेपणाचा आम्हाला अधूनमधून ताप व्हायचा. एका वर्षी विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत होतं. सरांच्या मुलांनी दारातच एक बटण आणि आकडे दाखवणारी पेटी ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येकानं बटण एकदा दाबायचं, पेटी माणसं मोजणार. दुपारपर्यंत पेटीनं असा आकडा दाखवला की आमच्या मुख्याध्यापकांची छाती फुगली. पाहुण्यांसमोर भाषणात त्यांनी तो आकडा दोनदा सांगितला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबायच्या आत सर उभे राहिले.

"सायेब, माफी असावी. तेवढी मानसं न्हाई आली. आमचं बटन नाचतंय."

मग भर सभेत त्यांनी समजावून सांगितलं. बटणाच्या आत एक इवलीशी पत्र्याची चकती असते. दाबली की ती खाली टेकते, पण टेकताना थरथरते. माणसानं दाबलेलं असतं एकदा, चकती लागते दोनदा-तीनदा, आणि पेटी बिचारी सगळंच मोजते. "मानूस एक आला, बटनानं तीन सांगितले," सर म्हणाले आणि शांतपणे खाली बसले. मुख्याध्यापकांचा चेहरा बघवत नव्हता.

जीपमध्ये आम्ही सगळ्यांनी सरांना धारेवर धरलं. काय गरज होती, कुणाला कळणार होतं, असं ज्याला जे सुचेल ते बोललो. सर डब्यावर हात ठेवून ऐकत होते. "पोरं समोर बसली हुती ना," एवढंच म्हणाले. आठवडाभरात त्यांनी आणि मुलांनी ती पेटी दुरुस्त केली. एकदा दाबलं की पापणी लवेपर्यंत पुढचं काही मोजायचं नाही, असं तिला शिकवलं. मुख्याध्यापक महिनाभर सरांशी बोलले नाहीत. मग त्यांच्या टेबलावरची शिपायाला बोलवायची घंटी बिघडली आणि त्यांना बोलावं लागलं.

दिवाळी झाली की आमच्या वर्गातले बाक रिकामे व्हायचे. अर्धीअधिक मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. सर त्यांच्या वर्गातल्या मुलांना जाताना एकेक पिशवी द्यायचे. सेलची खोबणी, एक दिवा, एक बझर, दोन बटणं, हात-दोन हात वायर. काय केलं ते परत आल्यावर दाखवायचं, एवढीच अट. बहुतेक पिशव्या तिकडंच हरवायच्या. सर पुढच्या दिवाळीला नव्या भरायचे.

आठवीतली सारिका गुढीपाडव्यानंतर परत आली ती थेट प्रयोगशाळेच्या दारात. मी तिथंच होते.

"सर, टॅक्टरवर टेप लई मोठा असतो," ती एका दमात सांगायला लागली. "माग टॉलीत आमी बसल्यालो. कितीबी हाका मारा, डायव्हरला ऐकू जात न्हाई. बारकी भैन पडता पडता ऱ्हायली. मग म्या वायरीला वायर जोडून बझर त्याच्या सीटपाशी बांधला आन् बटन आईपाशी दिलं."

"कोन्तं बटन?" सरांनी विचारलं.

सारिकानं मान खाली घातली. "पयलं तिकडंच गावल्यालं चालू-बंदचं लावलं हुतं. आई दाबायची आन् इसरायची. बझर कोकलत ऱ्हायचा, डायव्हर वैतागून वायर उपटायचा. मग तुमचं लावलं."

"मग?"

"मग आई दाबून धरती. टॅक्टर थांबस्तोवर धरती. थांबला की सोडती."

सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. संध्याकाळी सावेडीला जीपमधून उतरताना स्वतःशीच म्हणाले, "थांबस्तोवर धरती."

त्याच उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच्या घराला घंटी बसवली. तिला आवाज नव्हता. मंदाकाकूंना, म्हणजे सरांच्या पत्नींना, पन्नाशीपासूनच कमी ऐकू यायला लागलं होतं आणि एव्हाना जवळजवळ काहीच येत नव्हतं. कानातलं यंत्र त्यांनी कपाटात टाकलं होतं. त्या काष्टी गावच्या. बाजारच्या दिवशी लहानपणी आईचं बोट सुटून हरवल्या होत्या, तेव्हा जसा सगळीकडून गलका येत होता तसा या यंत्रातून येतो, म्हणायच्या. मी समोर उभी राहून सावकाश बोलले की त्यांना ओठांवरून समजायचं. पण दारात कोण आलंय हे पाठमोऱ्या बाईला ओठांवरून कसं कळणार? दूधवाला हाका मारून निघून जायचा. काकू दिवसभर दाराकडे तोंड करून बसायच्या आणि त्यांना ते लागायचं.

सरांनी गेटच्या खांबावर एक पुश बटण बसवलं आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक तांबडा दिवा. कुणी कसं दाबायचं ते ठरवून दिलं आणि यादी फ्रिजवर चिकटवली. दूधवाला, दोन बारीक. शैला मॅडम, म्हणजे मी, एक बारीक एक लांब. स्वतः सर, तीन बारीक एक लांब.

"लांब म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुमचं लांब म्हंजे तीन आकडे मोजा."

"आणि तुमचं?"

"माझं ती दारात येस्तोवर."

त्यानंतर किती वर्षं मी ते बघितलं. त्यांचं बैठं घर माझ्या वाटेवरच. संध्याकाळी साडेसहाला जीपमधून उतरून आम्ही त्यांच्या गेटपर्यंत बरोबर चालायचो. खिशात किल्ली असायची, सरांनी ती कधी वापरली नाही. तीन वेळा टिक टिक करायचे आणि चौथ्यांदा तो पसरट अंगठा बटणावर ठेवून उभे राहायचे. गेटमधून बाजूची स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दिवा लागला की काकू मुद्दाम घाई करायच्या नाहीत. हात पुसायच्या, पदर नीट करायच्या, पेला भरायच्या. सर उभेच. मग त्या पाणी घेऊन यायच्या, सर अंगठा उचलायचे, गेटापाशीच उभ्यानं पाणी प्यायचे आणि शेवटचा घोट खांबाजवळच्या कढीपत्त्याला घालायचे. दोघंही एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. मी घरी जाऊन कुकर लावायचे. माझ्या घरी किल्लीनं उघडायचं दार होतं आणि आत कुणी नसायचं. तेव्हा मला त्या दोघांचा हेवा वाटायचा, हे आज लिहायला हरकत नाही.

निवृत्तीनंतरही वेळ मोडली नाही. काही कारण काढून सर बाहेर जायचे आणि साडेसहाला गेटावर यायचे. मला वाटतं, नुसतं ते बटण दाबण्यासाठी जायचे.

मग छातीचं दुखणं आलं. दवाखान्यात मी दुपारी भेटायला गेले तेव्हा सर उशाशी लावलेलं नर्सला बोलवायचं बटण हातात घेऊन बसले होते. आवाज खोल गेला होता. त्यांनी बटण दाबलं आणि सोडलं. दारावरचा दिवा तसाच राहिला.

"बघितलं? ह्याला ध्यान असतं," म्हणाले. "बोट काढलं तरी इसरत न्हाई. नर्स यिऊन बंद करंल तवाच."

"चांगलंच आहे की, सर."

"चांगलं हाय." थोडा दम घेतला. "पन पोरांना ह्ये नंतर शिकवायचं. आधी आपलं."

नर्स आली, दिवा बंद केला आणि सर, उगाच दाबू नका, असं त्यांना दटावून गेली. ती वळताच सरांनी माझ्याकडे बघून पुन्हा दाबलं. मी पाहिलेले शेवटचे सर हे असे, गुन्हा करून खूश झालेले. पाच दिवसांनी ते गेले.

काकू एकट्या राहिल्या. मी रोज जात होते. एक बारीक, एक लांब. दर वेळी दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी विझायचं आणि मग त्या हसायच्या, "ये शैला." साडेसहाला त्या ओट्यापाशी स्टूल ओढून दिव्याकडे तोंड करून बसतात, हे मला खिडकीतून दिसायचं. मी त्या वेळी जाणं टाळायला लागले.

वर्षभरानं त्यांचा मुलगा नितीन त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. तो वाईट मुलगा नाही. आईनं किती दिवस एकटं राहायचं? घर भाड्यानं द्यायचं ठरलं. नवे भाडेकरू कॅमेऱ्याची घंटी लावणार होते, म्हणून वायरमन दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी काढायला येणार होता. त्या संध्याकाळी नितीन सामानाचा टेम्पो ठरवायला गेला आणि मी काकूंपाशी बसले. भांडी बांधून झाली होती. ओट्यावर एकच पेला राहिला होता.

काकूंनी माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि तळहात उघडला. "दवाखान्यात शेवटाला त्यांना बोलता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आन् मला ऐकू येत न्हाई. मग त्यांनी असं केलं." त्यांनी अंगठ्यानं माझा तळहात दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. मग त्या थांबल्या.

"मी वाट बघितली, शैला. लांबचं ऱ्हायलं."

त्यांनी मान वर करून ओट्यावरच्या दिव्याकडे बघितलं.

"उद्या दिवा काढत्यात," काकू म्हणाल्या. "एकडाव वाजवशील? त्यांचं. मी हितंच बसते."

घड्याळात साडेसहाला पाच कमी होते. मी चपला घालून गेटबाहेर गेले. बटणाचं काळं डोकं मधोमध पांढुरकं झिजलं होतं, बरोबर त्या पसरट अंगठ्याएवढं. माझा अंगठा त्यात पुरला नाही. मी एकदा दाबलं, दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. मग चौथ्यांदा दाबून धरलं.

खिडकीत दिवा दिसत होता आणि त्याच्याखाली काकूंची पाठ. त्या उठल्या नाहीत. गल्लीतून रिक्षा गेली, समोरच्यांनी अंगणात पाणी मारलं, कुणीतरी मला "काय मॅडम?" म्हणून विचारलं. मी मान हलवली. अंगठा दुखायला लागला, मग बधिर झाला. सर इतकी वर्षं रोज हे कसं धरत होते कोण जाणे. मी सोडलं तर सगळं तिथंच संपणार होतं आणि ते माझ्या हातून व्हायला नको होतं. मी रडत होते, पण बोट हललं नाही.

किती वेळानं ते सांगता येणार नाही, काकू उठल्या. हात पुसले. पदर नीट केला. पेला भरला. दार उघडून, पायऱ्या उतरून, नेहमीच्या चालीनं गेटापर्यंत आल्या. माझा अंगठा तरीही बटणावरच. त्यांनी डाव्या हातात पेला धरला आणि उजव्या हातानं माझा अंगठा हळूच उचलला. आतला दिवा गेला.

"पानी," म्हणाल्या आणि पेला पुढं केला.

मी गेटापाशीच उभ्यानं प्यायले. शेवटचा घोट ठेवून कढीपत्त्याला घातला.